सोसेल तेवढं गरम

गेल्या वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, जासईला माझ्या आईच्या घरी, माझा उजवा पाय गरम पाण्याने भाजला. मी पूर्ण शुद्धीत होते. खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि आईशी बोलत होते. पाय भाजतो आहे हे मला कळलं नाही.

पुढचं सगळं याच एका गोष्टीतून घडलं. ज्यांना पळायची आवड आहे, ज्यांची नखं काळी पडतात आणि तळव्यांना फोड येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. जे पाहिलं, जे ऐकलं आणि जे तपासता आलं, तेवढंच इथे आहे. जे तपासता आलं नाही, तिथे तसं म्हटलं आहे.

काळं नख

आम्ही पनवेलजवळ विचुंब्याला राहतो. चाळिशी ओलांडल्यावर मी पळायला लागले. आमचा गट छोटा आहे. रविवारी आम्ही गाड्या काढून द्रोणागिरीकडे जातो. तिथले रस्ते रुंद आहेत आणि रविवारी सकाळी जवळजवळ रिकामे असतात. कडेला ट्रेलर उभे असतात, ड्रायव्हर दात घासत आमच्याकडे बघत बसतात.

पळणाऱ्यांच्या पायांना काय काय होतं, हे गटात सगळ्यांना माहीत असतं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते. तळव्याला फोड येतात. बुटाच्या टोकाला बोट आपटून आपटून नख काळं पडतं आणि काही आठवड्यांनी गळून जातं. नाडी घट्ट बांधली तर बोटांना मुंग्या येतात. हे सगळं खरं आहे. हे सगळं बहुतेकांच्या बाबतीत साधं असतं.

मला त्या वर्षी यातलं बरंच काही होत होतं. मुंग्या येत होत्या, म्हणून मी नाडी सैल केली. नंतर मुंग्या थांबल्या. मला वाटलं, उपाय लागू पडला. तहान फार लागत होती, ती पळण्यामुळे. वजन उतरलं, तेही पळण्यामुळे. गटातली नसीमा पनवेलच्या एका शाळेत शिकवते. ती एकदा म्हणाली, "माशाअल्लाह, किती बारीक झालीस. नवरा जेवायला देतो ना?"

उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख काळं झालं, तेव्हाही मी तिलाच दाखवलं.

"हे आपलं ओळखपत्र गं," नसीमा म्हणाली. "माझी दोन गेली. तिसरं जायची तयारी करतंय."

त्या रविवारी पळून झाल्यावर मी तिच्या गाडीत बसून बूट काढले. उजवा मोजा पुढून रक्ताने भिजला होता. दुसऱ्या बोटाखाली मोठा फोड येऊन फुटला होता.

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"अल्ला. कसले पाय आहेत तुझे."

"मिठागराचे," मी म्हणाले.

मिठागराचे पाय

हे उत्तर आमच्या घरात लहानपणापासून तयार असतं. माझे वडील मिठागरात काम करत. मीठ धरायच्या आधी तिथल्या खाचरांची जमीन अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. मग खारं पाणी घ्यायचं, आणि पुढे उन्हाळाभर त्याच पाण्यात उभं राहायचं. पाय जाड होतात, भेगाळतात, मग काही लागलं तरी जाणवत नाही. आमच्याकडे ही कौतुकाची गोष्ट होती. काटा मोडला तरी बाबांना संध्याकाळी आई सांगायची तेव्हा कळायचं, आणि ते हसायचे. ती मिठागरं आता राहिली नाहीत. त्या जागेवर कंटेनर उभे आहेत.

नसीमाने मला आईच्या दारात सोडलं. आई एकटी राहते. तिने माझा पाय पाहिला आणि फोडाकडे लक्षच दिलं नाही. ती नखाकडे बघत होती.

"हा नख कवा काला झाला?"

"पळणाऱ्यांचं होतं गं असं."

"तुजे बापाचा पन असाच झालता. पयला नख."

"बाबा कुठे पळत होते?"

"तेच सांगतंय मी. तो पलत नवता तरी झाला."

मी हसले. ती हसली नाही. तिने टोपात पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं आणि दोन मुठी खडेमीठ टाकलं. पायाला काहीही झालं तरी आमच्याकडे हाच उपाय. त्याचं एकच माप आहे: सोसेल तेवढं गरम. पाणी हाताने बघायची पद्धत नाही. ज्याचा पाय, त्यानेच सांगायचं.

मी पाय घातला.

"सोसतंय?" आईने विचारलं.

"हो."

"अजून वतू?"

"ओत."

तिने टोपातलं उरलेलं पाणी ओतलं. थोड्या वेळाने परत विचारलं, मी परत हो म्हणाले, आणि तिने चुलीवरचं दुसरं पाणी आणून ओतलं. आमचं बोलणं चालू होतं. शेजारच्या घरी लग्न ठरलं होतं, आणि मुलीचा पगार मुलापेक्षा जास्त आहे हे आईला फार आवडलं होतं. मग टाच घासायला म्हणून तिने पाण्यात हात घातला आणि तसाच बाहेर ओढला.

"बाय, पाय काढ."

"का?"

"काढ आदी."

पाय लाल झाला होता. तिने टॉवेल टेकवला, तर वरची कातडी टॉवेलाबरोबर आली. मला काहीच होत नव्हतं. आई पायाकडे बघत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी ओरडते का ते.

भीती मला त्या क्षणी वाटली. भाजल्याची नाही. माझ्या अंगाला काहीतरी होत होतं आणि ते मला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, याची.

दोरा

माझा नवरा प्रदीप गाडी घेऊन जासईला आला आणि आम्ही पनवेलच्या एका रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, फार बोलत नव्हत्या. त्यांनी दुखतंय का विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी जखम बघणं थांबवलं आणि नर्सला बोट टोचून साखर बघायला सांगितलं. यंत्रावरचा आकडा बघून त्यांनी दुसरं बोट टोचायला लावलं. आकडा जवळपास तोच आला.

"मधुमेह कधीपासून आहे?"

"मला मधुमेह नाही."

"आहे," त्या म्हणाल्या. "आज कळलाय एवढंच. बरीच वर्षं असावा."

"मी दर आठवड्याला पळते."

"म्हणूनच कदाचित तुम्ही इतके दिवस उभ्या आहात."

मग त्यांनी एक नायलॉनचा दोरा काढला. मासे धरायच्या गळाला असतो, तसा, पण छोटा तुकडा, मुठीला लावलेला. त्या म्हणाल्या, डोळे मिटा, मी तळव्याला जागोजागी हे टेकवते, जाणवलं की हो म्हणा.

मी डोळे मिटले. बराच वेळ काहीच जाणवलं नाही. खोलीत पंखा फिरत होता. ही परीक्षा आहे आणि मी नापास होते आहे, एवढं मला कळत होतं. मग बोटांपाशी काहीतरी लागल्यासारखं वाटलं आणि मी हो म्हणाले. परत हो म्हणाले. टाचेला एकदा नक्की लागलं, तेव्हाही म्हणाले.

"टाचेचं बरोबर होतं," डॉक्टर म्हणाल्या. "त्याआधी दोनदा हो म्हणालात, तेव्हा मी हात लावला नव्हता."

मी प्रदीपकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तो समोरच उभा होता आणि त्याने पाहिलं होतं.

मला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

दाराबाहेर

दुसऱ्या दिवशी आई आली. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. प्रदीप तिला बाहेरच भेटला.

"आई, पाणी किती गरम आहे, हात घालून बघायचं ना."

"तिनं वत सांगितला, मी वतला."

"तिला कळत नव्हतं."

"ते मना कुटं म्हाईत? तिलाच म्हाईत नवता."

 हे बोलणं मी नंतर दोघांकडून तपासून घेतलं. शब्द तेच आहेत. आई रडली होती, असं प्रदीपचं म्हणणं आहे. आई म्हणते, नाही.

त्यानंतर तो बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. ती रोज येत राहिली. रिक्षातून उतरायची, डबा द्यायची, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहायची. पट्टी बदलताना नर्सने तिला बाहेर जायला सांगितलं तर म्हणायची, "मी बगितलाय. मना नवा नाय."

एके दुपारी मी तिला विचारलं, बाबांच्या पायाचं नक्की काय झालं होतं. आमच्या घरात त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: मिठाने पाय खाल्ला. मी तेव्हा शिकायला बाहेर होते आणि मलाही तेवढंच सांगितलं होतं.

आईने क्रमाने सांगितलं. आधी नख काळं झालं. मग बोट. बोट काढलं आणि सगळे म्हणाले, झालं आता. मग अर्धं पाऊल. मग गुडघ्याखाली. पुढच्या हंगामाचं मीठ निघायच्या आत बाबा गेले.

"त्यांची शुगर तपासली होती का?"

"साकर? त्याचा जल्म मिठात गेला. त्याला साकर कुटनं होनार?"

"असं कोण म्हणालं?"

"सगलीच म्हनत. डाक्तर बोलला व्हता, साकर बगूया. तुजा बाप हसला. बोलला, मी च्यात पन साकर घेत नाय." तिने डब्याचं झाकण लावलं. "मी पन हसली."

मिठागरात काम करणाऱ्यांच्या पायांना जखमा व्हायच्याच. त्यामुळे कारण शोधायची कुणाला गरज वाटली नाही, आणि मुलांना तपासायचीही नाही. बाबांना मधुमेह होता का, याची खातरजमा आता करता येत नाही. ते डॉक्टर हयात नाहीत. कागद उरलेले नाहीत.

क्रम मात्र माझ्याकडे आला. नख झालं होतं.

बोट

रुग्णालयातला दिवस पट्टीभोवती फिरतो. सकाळी बोट टोचतात, इन्सुलिन देतात, मग पट्टीवाला मामा येतो. हे त्याचं तिथलं नाव आहे, सगळे तसंच म्हणतात. तो ट्रॉली ढकलत यायचा तेव्हा तिचं एक चाक वाजायचं. ते चाक वाजायला लागलं की बाकीच्या खोल्यांतून कण्हण्याचे आवाज येत. माझ्या खोलीतून येत नसे. तो कातडी कापायचा, आत गॉज सारायचा, आणि मी बघत बसायचे.

"ताई, तुमच्यासारखा पेशंट पायजे," तो पहिल्या दिवशी म्हणाला. मग त्याचं त्यालाच काही वाटलं असावं. पुन्हा तो असं म्हणाला नाही.

भाजलेली कातडी हळूहळू सुधारत होती. दुसरं बोट सुधारत नव्हतं. त्याचा रंग नखापासून खाली उतरत होता. मी रोज त्याचा मोबाइलवर फोटो काढायचे आणि कालच्या फोटोशी ताडून बघायचे. काही दिवस मी फरक नाही असं ठरवलं. मग फोटो प्रदीपला दाखवले. तो म्हणाला, "फरक आहे."

एक्सरेत हाडापर्यंत जंतुसंसर्ग दिसला. पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. त्या खोलीत यंत्रातून रक्ताचा आवाज ऐकू येतो, सुसाट वाऱ्यासारखा. तंत्रज्ञ पायाला जेल लावून यंत्र फिरवत होता, काही सांगत नव्हता. एका जागी आवाज थांबला. मी मान उचलून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जेल संपली," आणि दुसरी बाटली आणायला गेला.

रक्तप्रवाह चांगला होता. डॉक्टर म्हणाल्या, ही चांगली बातमी आहे. बोट काढावं लागेल, ही दुसरी.

मी त्यांना बाबांचा क्रम सांगितला आणि विचारलं, हे दुसरं आहे की शेवटचं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शेवटचं व्हावं म्हणून काय करायचं, ते माहीत आहे."

नसीमा भेटायला आली होती. तिला कळल्यावर तिने पलंगाचा कठडा धरला. "मी त्याला ओळखपत्र म्हणाले होते," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की तिचं काळं नख खरंच बुटामुळे आहे आणि तिने तरीही साखर तपासून घ्यावी. तिने तपासली. तिची साखर ठीक निघाली.

शस्त्रक्रियेच्या वेळी मला कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला. भूल देणारे डॉक्टर पायाला चिमटा काढून विचारत होते, जाणवतंय का. मी म्हणाले, माझ्या बाबतीत या प्रश्नाला अर्थ नाही, जरा वर विचारा. ते हसले आणि मांडीला चिमटा काढला. समोर हिरवा पडदा होता. पडद्यापलीकडे एक लहान आवाज झाला, सुपारी कातरल्यासारखा. मग ताटलीत काहीतरी ठेवल्याचा.

शुद्धीवर यायचं नव्हतं, कारण शुद्ध गेलीच नव्हती. बाहेर आणल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, किती काढलं. प्रदीप म्हणाला, "एक. मी विचारून घेतलंय. एकच."

रोजची तपासणी

घरी आल्यावर सगळ्यात अवघड गोष्ट चालणं नव्हती. माझ्या पायाला काय झालं आहे हे मला कळणार नाही, हे गृहीत धरून राहणं अवघड होतं. बुटात खडा असला तरी कळणार नाही. फरशी तापलेली असली तरी कळणार नाही. मी पाय जमिनीवर टेकवायला घाबरायचे. पलंगावरून उतरायच्या आधी खालची जागा दोनदा बघायचे. स्वतःच्या घरात.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज कुणीतरी दोन्ही तळवे नीट बघायचे. ते काम प्रदीपने घेतलं. संध्याकाळी चहा झाला की तो मोबाइलचा टॉर्च लावून जमिनीवर बसतो. मी पाय पुढे करते. तो बोटांच्या फटी बघतो आणि बातमी वाचल्यासारखं सांगतो, "डावा, काही नाही. उजवा, जखम कालच्याएवढी. बाकी काही नाही."

सुरुवातीच्या दिवसांत मी त्याला विचारायचे, नक्की? तो परत बघायचा. परत तेच सांगायचा. एकदा तो म्हणाला, "तुझ्या ऑफिसात इतक्यांदा विचारलं असतंस तर पेपर निघाला नसता."

जखम लवकर भरली नाही. बोट काढल्यावर काही आठवड्यांनी त्याने टॉर्च धरला आणि माझा पाय स्वतःकडे ओढला.

"काय आहे?"

"लाल आहे. वरच्या बाजूला."

"किती वर?"

त्याने बोट ठेवून दाखवलं. ते मला जाणवलं नाही, म्हणून मी वाकून बघितलं. लालसर पट्टा घोट्याकडे गेला होता. मला आईचं वाक्य आठवलं: मग अर्धं पाऊल.

त्या वेळी आई आमच्याकडे आली होती. तिने पट्टा पाहिला आणि प्रदीपला म्हणाली, "जावाय, गाडी काडा. उद्या नाय. आता."

"काढतोय, आई," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने तिला आई म्हटलं होतं.

मला परत दाखल केलं. सलाइनमधून औषधं बदलली. पट्टा पुढे जातो का हे कळावं म्हणून डॉक्टरांनी त्याच्या कडेने पेनाने रेघ ओढली. मी दिवसभर त्या रेघेकडे बघत होते. आईही बघत होती. मधेच ती म्हणायची, "भायेर नाय गेला." मी परत बघायचे. दुसऱ्या दिवशीही तो रेघेच्या आत होता. नंतर तो मागे सरकू लागला.

जासईला आईने घमेलं फेकलेलं नाही. त्यात ती कोथिंबीर लावते. माझ्या धाकट्या भावाला तिने स्वतः नेऊन साखर तपासायला लावली. तो म्हणाला, मला काही होत नाही. आई म्हणाली, "तेच बगायला चाललूया." त्याची साखर वाढलेली निघाली. त्याचे दोन्ही तळवे शाबूत आहेत. तो औषध घेतो, हे त्याच्या बायकोकडून कळलं आहे.

शेवटची तपासणी

गेल्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले होते. जखम पूर्ण बंद झाली आहे, असं त्यांनी सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं. उजव्या पायाला चार बोटं आहेत. साखर आटोक्यात आहे. खास बनवलेल्या चपला घालून मी सोसायटीच्या आवारात चालते. परत पळता येईल का, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.

मग त्यांनी दोरा काढला. मज्जातंतू परत पहिल्यासारखे होतील अशी आशा धरू नका, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. बधिरपणा वर सरकला आहे का, एवढंच बघायचं होतं. पहिल्या दिवशी टाचेला जाणवलं होतं. ते अजून जाणवतं का, हा प्रश्न होता. प्रदीप समोर उभा राहिला. मी डोळे मिटले.

बोटांपाशी काही जाणवलं नाही. मी गप्प राहिले. तळव्याच्या मध्यभागी काही जाणवलं नाही. मी गप्प राहिले. एकदा वाटलं की लागलं, पण खात्री नव्हती, म्हणून बोलले नाही. बराच वेळ गेला. मग टाचेला काहीतरी टेकलं आणि मी हो म्हणाले.

डोळे उघडून मी प्रदीपकडे पाहिलं.

"टेकवला होता," तो म्हणाला.